सातवी जागा कुणाची?

इंदूरच्या पश्चिम अंगाला, फुटी कोठी आणि अन्नपूर्णा मंदिर यांच्या आसमंतात आमचे सुदामा नगर पसरले आहे. मूठभर पोह्यांची पुरचुंडी घेऊन ज्याने द्वारका गाठली, त्याचे नाव पोहेभक्त गावातील एका वसाहतीला लाभावे, या योगायोगाची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे. सकाळी सहापासून इथे कोपऱ्याकोपऱ्यावर पोहे वाफेवर ठेवलेले असतात. वर शेव आणि जिरावण, शेजारी परातीत जिलबी. सुदामा मात्र द्वारकेला पायी गेला होता. त्याच्या नावाच्या वसाहतीत आज मोटारींची अशी दाटी झाली आहे की रात्री दहानंतर एखाद्या गल्लीतून पायी निघणाऱ्यानेही अंग चोरूनच चालावे.

आमची घरे दर्शनी अरुंद आणि आत खोल. ज्यांनी ती बांधली त्यांच्या डोळ्यांपुढे सायकल आणि फार तर एखादी स्कूटर होती. फाटकाच्या आत तुळशीवृंदावन, त्यालगत ओटला, की लगेच बैठकीचे दार. त्यामुळे दोन पिढ्यांनंतर मोटार आली ती फाटकाबाहेरच राहिली. गेल्या काही वर्षांत तर या मोटारी उंचीला आणि रुंदीलाही वाढू लागल्या. ज्यांना एस. यू. व्ही. म्हणतात त्या डोंगरदऱ्यांसाठी जन्मलेल्या गाड्या आता भाजीवाल्याच्या हातगाडीला वाट देत आमच्या गल्लीत उभ्या असतात. मी त्यांच्याकडे काहीशा तुच्छतेनेच पाहात असे. मागल्या वर्षी आमच्याच घरी सात आसनी गाडी घेण्याचा विषय निघाला, तेव्हा त्या तुच्छतेची झाडाझडती घेण्याची वेळ आली.

विषय निघाला तो आईमुळे. तिला शहाऐंशी वर्षे पूर्ण झाली. वाढदिवसाला काय हवे असे नातवाने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मला एकदा जेजुरीला ने रे. गड चढवणार नाही, ठाऊक आहे मला. पायथ्याशी उभी राहून कळस पाहीन. पण सगळी बरोबर हवीत, आक्कासुद्धा."

शेवटच्या तीन शब्दांनी बैठकीत एकदम शांतता पसरली. त्याचे कारण सांगितल्याखेरीज पुढची हकीकत कळणार नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लोकमान्य नगरात राहते. तीन वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नासाठी आम्ही भाड्याची एक मोठी गाडी करून नाशिकला गेलो. निघण्याच्या गडबडीत कोण कुठे बसले याकडे कुणी पाहिले नाही. तरुण मंडळी खिडक्या धरून बसली, सामान मध्ये रचले, आणि आक्का मुकाट्याने अगदी मागच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या गुडघ्यांचे दुखणे तेव्हा सुरू झालेले होते. इंदूर ते धुळे हे अंतर अडीचशे किलोमीटरांच्या वर. धुळ्याला चहासाठी थांबलो, सारे उतरले, आणि आक्काला उतरता येईना. गुडघे छातीशी आणून पाच तास बसलेले ते पाय सरळच होईनात. मधले आसन दुमडले, दोघांनी धरून तिला खाली घेतली. ती हसली, "अरे, म्हातारी झाले आता मी," एवढेच म्हणाली. पण परतीला ती आगगाडीने आली, आणि त्यानंतर आमच्याबरोबर कुठेही आली नाही. दर वेळी काही ना काही निमित्त निघे. कधी व्रत, कधी शेजारणीचे आजारपण. दोष गाडीचा नव्हता, गाडीवाल्याचाही नव्हता. तो आमचा होता, आणि हे आम्ही सारे जाणून होतो.

घरात माणसे मोजली ती अशी: आई, आक्का, मी, आमची सौ., मुलगा, सूनबाई आणि नऊ वर्षांचा नातू. बरोबर सात. आगगाडीचा विचार आधी झालाच. आमच्या लहानपणी महाराष्ट्रात जायचे म्हणजे खांडव्याची छोटी गाडी. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊन ही मीटर मापाची वाट माळव्यात आणवली होती. महू सोडले की पातालपाणी, कालाकुंड, चोरल, बडवाह, मग नर्मदेचा पूल. खांडव्याला गाडी बदलायची आणि भुसावळच्या फलाटावर प्रथम केळी खायची. महूच्या पुढचा तो मार्ग रुंद मापाच्या कामासाठी २०२३ च्या आरंभी बंद पडला. इंदूर आणि मनमाड यांना जोडणाऱ्या ३०९ किलोमीटरांच्या नव्या लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्यावरून प्रवास करण्याचे भाग्य नातवाला लाभेल. रतलाम-वडोदऱ्याचा वळसा घेऊन पुण्याला जाणारी गाडी आहे, पण फलाटावरचे जिने, चढउतार आणि पुण्याहून पुन्हा जेजुरीची मोटार हे सारे शहाऐंशी वर्षांच्या देहाला झेपणारे नव्हते. तेव्हा आग्रा-मुंबई रस्ता हाच आमचा राजमार्ग ठरला.

मुलाने ताबडतोब जाहीर केले की घ्यायची तर भक्कम, उंच, डिझेलवर चालणारी गाडी घ्यायची. सौ.ने विचारले, "किती लाखांची?" मी म्हणालो, "फाटकासमोर मावेल अशी." सूनबाई काही बोलली नाही, तिने एक फुटपट्टीची पेटी आणि वही शोधून काढली. खरी सुरुवात तिने केली, हे येथे नमूद केले पाहिजे.

सात माणसांची गाडी ही आपल्या लोकांना नवी नाही. जुन्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये आम्ही नऊ जण ओंकारेश्वरला गेल्याचे मला स्मरते. त्या काळी आसने मोजण्याची पद्धतच नव्हती, मांड्या मोजत. पुढे मॅटॅडोर आली, आमच्या पिथमपूरच्या कारखान्यातून ट्रॅक्स निघू लागली, आणि १९९४ साली टाटांची सुमो आली. हे नाव जपानी मल्लांवरून पडले असे पुष्कळांना अजूनही वाटते. वस्तुतः टेल्कोचे शिल्पकार सुमंत मुळगावकर यांच्या नावातील 'सु' आणि आडनावातील 'मो' यांवरून ते घेतले होते. एका मराठी अभियंत्याचे नाव गावोगावच्या वऱ्हाडांनी पाव शतक मिरवले आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. मध्यंतरी २००० साली क्वालिस आली आणि पाच वर्षांतच इनोव्हाला जागा देऊन गेली. २००२ ला स्कॉर्पिओ आली. २०१२ ला एर्टिगा आल्यावर मध्यम घरांनाही तिसरी रांग परवडू लागली. २०१९ मधील ट्रायबरने तर चार मीटरांच्या आत सात आसने बसवून दाखविली.

हे चार मीटर म्हणजे काय प्रकरण आहे, हे मी या खटाटोपात शिकलो. २००६ च्या अंदाजपत्रकात लहान मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि 'लहान' म्हणजे काय याची व्याख्या ठरली: लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सी. सी. किंवा डिझेल १,५०० सी. सी. पर्यंत. तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी गाड्या ३,९९० किंवा ३,९९५ मिलिमीटरांवर येऊन एकदम छाटल्यासारख्या का संपतात, हे कोडे उलगडले. ती शिल्पकाराची लहर नव्हे, ती कराची रेघ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले, त्यांतही ही रेघ कायम राहिली. रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के. पूर्वी मोठ्या एस. यू. व्ही.वर उपकरासह ५० टक्के पडत, त्या मानाने हे सुसह्य. तरीही एका बोटाच्या लांबीने कर दुपटीहून वाढतो, हे घेणाऱ्याने ध्यानी धरावे. मागचे काही इंच आपण कराच्या भावाने विकत घेत असतो. आणि ते काही इंच म्हणजेच तिसऱ्या रांगेतल्या माणसाचे गुडघे.

सूनबाईच्या वहीत याच गुडघ्यांचा हिशेब होता. दुकानात गेल्यावर तेथील तरुण आधी पुढचा पडदा दाखवी, मग छतावरची काच दाखवी, मग गाणी लावी. सूनबाई नम्रपणे म्हणे, "भैया, पहले पीछे का दरवाज़ा खोलिए." मग ती मधले आसन पुढे सरकवून स्वतः मागे जाऊन बसे आणि मला मध्ये बसवी. मी ऐसपैस बसलो की तिचे गुडघे आसनाला टेकत. मी थोडा पुढे सरकलो की तिला जागा होई. मधली रांग मागेपुढे सरकते की खिळलेली आहे, ही पहिली नोंद. मागचे आसन जमिनीपासून किती उंच, ही दुसरी. बहुतेक गाड्यांत मागच्या रांगेखाली आस असतो, त्यामुळे तेथली जमीन उंच होते, आसन त्या मानाने ठेंगणे राहते आणि बसणाऱ्याच्या मांड्या अधांतरी राहतात. आक्काचे पाच तास कसे गेले असतील, ते मला त्या दुकानात पहिल्यांदा अंगाने कळले. शिवाय ती रांग चाकांच्या मधोमध नसून मागच्या चाकांवरच येते. खड्डा पुढच्याला डोलवतो, मागच्याला उडवतो.

तिसरी नोंद सामानाची. सातही आसने उभी असताना ट्रायबरमागे ८४ लिटर आणि एर्टिगामागे २०९ लिटर एवढीच जागा उरते, असे कंपन्यांचेच आकडे सांगतात. ८४ लिटर म्हणजे दोन पिशव्या आणि पाण्याची बाटली. ट्रायबरची मागची आसने उचलून घरी ठेवता येतात, मग हीच जागा ६२५ लिटर होते, ही मोठी सोय. पण तेव्हा ती पाच जणांची गाडी होते. सात माणसे आणि सात माणसांचे सामान हे दोन्ही एका वेळी आत मावणे हे पुष्कळ मोठ्या गाड्यांनाही साधत नाही. मग छतावर सांगाडा येतो, त्यावर ताडपत्री येते, आणि गाडीचे डोके जड होते.

दुकानातल्या चार फेऱ्या डांबरी सपाटीवरच्या असतात. त्यावरून घाटाचा अंदाज येत नाही. तेव्हा मी एक सूचना केली, आणि ती सर्वानुमते मान्य झाली, ही आमच्या घरातील विरळा घटना. ज्या दोन प्रकारांत मन घोटाळत होते, त्या प्रकारांच्या गाड्या भाड्याने घेऊन एकाच वाटेने दोन रविवारी जाऊन यायचे. वाट ठरली महेश्वरची. जाताना मानपूर आणि धामनोद, येताना मंडलेश्वर, बडवाह आणि भेरूघाट. सारा सवा दोनशे किलोमीटरांच्या आतबाहेरचा फेरा. त्यात चौपदरी महामार्ग आहे, उतार आहे, गावातली गर्दी आहे आणि वळणाचा चढही आहे.

पहिल्या रविवारी उंच, चॅसिसवर बांधलेली डिझेल गाडी होती. चॅसिस म्हणजे शिडीसारखी पोलादी चौकट. तीवर इंजिन आणि वरचा सांगाडा स्वतंत्रपणे बसवितात. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर ही त्या कुळातली. दुसऱ्या कुळात सबंध सांगाडाच एकजीव असतो. नवी सफारी, अल्काझार, एर्टिगा, कॅरेन्स या त्या जातीच्या. पहिली ओझ्याला आणि वाईट रस्त्याला खंबीर, दुसरी महामार्गावर स्थिर आणि अंगाला मऊ. सुदामा नगरातून सकाळी सहाला निघालो तेव्हा आईला गाडीत चढविण्यापासूनच खोळंबा झाला. पायरी गुडघ्याच्या उंचीवर, आईची नऊवारी. शेवटी स्वयंपाकघरातला पाट आणला, पाटावरून पायरी, पायरीवरून आसन. तो पाट मग दिवसभर आमच्याबरोबर हिंडला.

राऊ, मानपूर मागे पडले आणि माळव्याचे पठार संपले. इंदूरच्या माणसाला आपण पठारावर राहतो याची जाणीव दोनच ठिकाणी होते. एक येथे, दुसरी भेरूघाटात. पठाराच्या कडेवरून निमाड एकदम खाली पसरलेला दिसतो, हवाही काही अंशांनी तापते. हा गणपती घाटाचा उतार अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता. २०२४ च्या अखेरीस उतरणाऱ्या वाहनांसाठी कमी उताराचा निराळा रस्ता झाला, तेव्हा कुठे जिवात जीव आला. मुलाने सवयीने चौथ्या गिअरमध्येच गाडी सोडली होती. मी काही बोलणार तोच आई म्हणाली, "अरे, तुझे आजोबा टांगासुद्धा उतारावर लगाम खेचून धरायचे." मुलगा हसला आणि तिसऱ्यावर आला. सात माणसे म्हणजे साडेचारशे किलोंच्या आसपासचे ओझे. एकट्याने चालविलेली गाडी आणि भरलेली गाडी ही दोन निराळी जनावरे असतात. भरलेलीला थांबायला अंतर जास्त लागते, आणि लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला तर तो तापून ढिला पडतो. उतार ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा, हा जुन्या चालकांचा नियम आजच्या गाड्यांनाही लागू आहे.

महेश्वराविषयी लिहू लागलो तर मूळ विषय नर्मदेत वाहून जाईल. अहिल्याबाईंनी राजधानी तेथे नेली, तीवर अडीचशे वर्षे उलटून गेली. घाटाच्या पायऱ्या, किल्ल्याची ती सावळी भिंत आणि समोरचे संथ रुंद पात्र पाहिले की त्यांनी इंदूर का सोडले, असा प्रश्न पडत नाही. आई वरच्याच पायरीवर पाटावर बसली. जेजुरीचा खंडोबा हे होळकरांचेही कुलदैवत, तेथला मोठा तलाव अहिल्याबाईंनीच बांधविला, हे ती नातवाला सांगत होती. मी खालच्या पायरीवरून ऐकत होतो. आक्का त्या दिवशी आली नव्हती.

परतीला बडवाहच्या पुढे रस्त्याचे काम चालले होते. धूळ, खडी, अरुंद वळणे, समोरून भरलेले ट्रक. तेथे मात्र या उंच गाडीने आपली जात दाखविली. मागची चाके ओढणारी असल्याने ओझ्याने ती अधिकच घट्ट बसत आणि डिझेलची ओढ अशी की चोरलच्या पुढचा चढ ती न कुरकुरता चढली. मुलाचा चेहरा विजयी झाला. पण मागे बसलेल्या नातवाला भेरूघाटात ओकारी झाली, आणि सूनबाईच्या वहीत तीही नोंद गेली.

दुसऱ्या रविवारी ठेंगणी, एकजीव सांगाड्याची पेट्रोल गाडी आणली. लांबी साडेचार मीटरांच्या आसपास. आई पाटावाचून बसली. उतार गाडीने शांतपणे उतरला. चढावर मात्र सात जण असताना इंजिन ओरडू लागले; दोन ठिकाणी मुलाला दुसऱ्या गिअरवर यावे लागले, आणि ट्रकला मागे टाकण्याचा विचार सोडून द्यावा लागला. मुलाला ते खटकले. मला नाही. ट्रकमागून दहा मिनिटे चालण्यात काय बिघडते, असे मी म्हणताच तो म्हणाला, "बाबा, अडचण दहा मिनिटांची नाही. अर्ध्यावर जोर कमी पडला तर?" हे त्याचे म्हणणे खरे होते. तेव्हा ठरले की सांगाडा हाच, पण इंजिन यापेक्षा जोरकस. आणि ते भरलेल्या गाडीनिशी सिमरोलच्या चढावर चालवून पाहिल्यावाचून सही करायची नाही.

डिझेलचा प्रश्न कागदावर सुटला. मुलगा कामाला पिथमपूरला कारखान्याच्या बसने जातो. घरची गाडी रोज शाळा, राजवाडा, भाजी आणि दवाखाना एवढीच फिरणार, म्हणजे सात-आठ किलोमीटर. वर्षाकाठी दोनदा महाराष्ट्र, चारदोनदा उज्जैन-ओंकारेश्वर. सारे मिळून सहा हजार किलोमीटर. लिटरमागे पेट्रोलने तेरा आणि डिझेलने सोळा किलोमीटर धरले, तर आमच्या हिशेबाने वर्षाला पंधरा हजार रुपये वाचत. आणि डिझेलची गाडी लाखा-सव्वा लाखाने महाग. ती बचत हाती यायला सात-आठ वर्षे. शिवाय २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. ती काजळी जाळून टाकायला गाडी मधूनमधून बराच वेळ वेगाने पळावी लागते. अन्नपूर्णा रस्त्यावरच्या खोळंब्यात ती पळणार कशी? गाळणी तुंबते, दिवा लागतो, कारखान्याची वारी सुरू होते. ज्यांचे रोजचे पन्नास-साठ किलोमीटर महामार्गावर जातात त्यांनी डिझेल अवश्य घ्यावे. सी. एन. जी.चे इंधन स्वस्त, इंदुरात ते मिळतेही. पण त्याची टाकी सहसा मागच्या सामानाच्या जागेतच बसते, आणि ती जागा किती असते ते वर आलेच आहे.

किमतीच्या पुढचे खर्च लोक विसरतात. रस्ता-कर आहे, नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्षाचा विमा एकदम भरावा लागतो, आणि २०२२ साली ठरलेल्या दरांत १,५०० सी. सी.च्या वरच्या इंजिनाचा तो हप्ता खालच्या इंजिनाच्या दुपटीहून अधिक आहे. मोठ्या चाकांचे टायरही मोठ्या किमतीचे. सौ.ने या सर्वांची बेरीज करून मुलाच्या आवडत्या गाडीपुढे ठेवली, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आई, तू अर्थमंत्री व्हायला हवी होतीस." त्या गाडीचा विषय तेथे संपला.

एक गोष्ट मात्र पैशाच्या तराजूत घालायची नाही असे आम्ही प्रारंभीच ठरविले होते. पिथमपूरला, म्हणजे आमच्या उंबरठ्यापासून तासाभराच्या वाटेवर, नॅट्रॅक्स ही मोटारींची परीक्षा घेणारी सरकारी संस्था आहे. तेथला ११.३ किलोमीटरांचा अतिवेगाचा वर्तुळमार्ग २०२१ मध्ये खुला झाला, आणि आशियात त्याहून लांब मार्ग नाही असे तेव्हा अभिमानाने सांगण्यात आले. इतक्या जवळ राहून आम्ही गाड्या रंगावरून निवडीत होतो! ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतंत्र टक्करपरीक्षा सुरू झाली. प्रौढांच्या सुरक्षेला ३२ आणि बालकांच्या सुरक्षेला ४९ गुण, वर तारे. घेणाऱ्याने ते तारे जरूर पाहावेत. पण सूनबाईने आणखी खोलात जाऊन पाहिले. समोरच्या धडकेत पुढे दोन प्रौढ पुतळे असतात आणि मागे दीड आणि तीन वर्षांच्या बालकांचे पुतळे. तिसऱ्या रांगेतला माणूस त्या परीक्षेला बसलेलाच नसतो. म्हणून त्या रांगेपुरते आपणच पाहावे लागते: तेथे तीन बिंदूंचा पट्टा आहे का, डोक्याला आधार आहे का, पडद्यासारखी फुगणारी बाजूची पिशवी शेवटच्या खिडकीपर्यंत पोहोचते का, आणि मागची काच डोक्यापासून किती जवळ आहे. काही गाड्यांत मागच्या दोन बैठका आडव्या, समोरासमोर असतात. तेथे गप्पा रंगतात, पण लांबच्या वाटेवर मी नातवाला बसविणार नाही.

पट्ट्याविषयी आमच्या लोकांत अजून मोठी उदासीनता आहे. पुढे बसणारा पोलिसाला भिऊन बांधतो, मागचा कशाला बांधील? ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. गाडी उत्तमांपैकी होती. ते मागे बसलेले होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. मागच्यालाही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे. न बांधल्यास एक हजार रुपये दंड, आणि चौदा वर्षांखालील मुलाला बांधले नाही तरी तेवढाच. आईला पट्टा काचेल अशी मला धास्ती होती. तिने तो स्वतःच ओढून घेतला, पदर नीट केला आणि म्हणाली, "दागिना समजायचा."

शेवटी गाडी ठरली. कोणती, ते सांगत नाही. उगाच जाहिरात होईल, आणि या मासिकाला तिचे पैसे मिळणार नाहीत. एवढे सांगतो की ती साडेचार मीटरांच्या थोडी पुढे जाते, पेट्रोलवर चालते, मधली रांग सरकते आणि एका कळीसरशी दुमडते, आणि मुलाला हवी होती त्याहून चार बोटे बुटकी आहे. गल्लीत वळविताना एकदा मागे घ्यावी लागते. शेजाऱ्यांनी "इतकीच?" अशा नजरेने पाहिले, ते सहन केले.

सही करण्यापूर्वीचा एक प्रसंग राहिला. परीक्षेसाठी मिळालेली गाडी घेऊन आम्ही लोकमान्य नगरात आक्काच्या दाराशी गेलो. ती ओटल्यावर गहू निवडीत होती. गाडी पाहून तिने ताट बाजूला ठेवले, पण उठली नाही. "छान आहे," म्हणाली. मी म्हणालो, "आक्का, बसून तरी पाहा." ती म्हणाली, "मला काय कळते गाडीतले." सूनबाईने तिचा हात धरला आणि मधल्या रांगेतल्या डाव्या खिडकीशी बसविले. पाय सरळ करायला सांगितले. ते झाले. मग आक्काने मागे वळून पाहिले. मागच्या बाकावर मी बसलो होतो, गुडघे पोटाशी घेऊन, शेजारी नातू.

"तू तिथे का बसलास?" तिने विचारले.

"ही माझी जागा आहे," मी म्हणालो.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "धुळ्याला उतरताना हाक मार. एकट्याने उतरू नकोस."

पुढचे तपशील थोडे आहेत. भरलेल्या गाडीला टायरमध्ये हवा अधिक लागते. किती ते चालकाच्या दाराच्या खांबावर लिहिलेले असते, तेवढी निघण्याच्या आदल्या सायंकाळी भरली. मागे ओझे असले की पुढचे दिवे आकाशाकडे पाहू लागतात. ते खाली करण्याचे चाक असते, मुलाला ते तेव्हा प्रथम ठाऊक झाले. रात्रीचा प्रवास करायचा नाही आणि वाटेत नाशिकला मुक्काम करायचा, हे आईने ठरविले. रणजित हनुमानाला नारळ फोडला. पहाटे पाचला, पोह्याच्या गाड्यांवर शेगड्या पेटत असताना, आम्ही सुदामा नगरातून निघालो. खलघाटला सूर्य वर आला. पूल ओलांडताना आईने आणि आक्काने खिडकीतून नर्मदेला हात जोडले. २०२२ च्या जुलैत याच पुलावरून इंदूरहून अमळनेरला निघालेली बस नदीत कोसळली होती. ते आठवून असेल, गाडीत कुणी बोलले नाही आणि मुलाने वेग कमी केला.

सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट उतरून महाराष्ट्रात शिरलो. मागच्या बाकावरून रस्ता उलटा दिसतो, येणारे गाव आधी दिसत नाही, गेलेले मात्र बराच वेळ दिसत राहते. नातवाला या वेळी ओकारी झाली नाही. सूनबाईने त्याला आल्याची वडी देऊन दर तासाला गाडी थांबवायला लावली होती. माझे गुडघे शिरपूरपासून कुरकुरू लागले. धुळ्याला गाडी थांबली तेव्हा मी हाक मारण्यापूर्वीच मधले आसन दुमडले गेले होते, आणि दाराशी आक्का पाट घेऊन उभी होती.